पाठीवरचा चट्टा आणि अंगणातलं चापाकल

पत्र :

"डॉक्टर, आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. यजमानांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. लग्न झाल्यापासून, म्हणजे २४ वर्षं, आम्ही बिहारमध्ये भोजपूर जिल्ह्यात शहापूरच्या बाजूला राहतो. अंगणात चापाकल, म्हणजे हातपंप आहे. तेच पाणी आम्ही पितो आणि शेजारची चार घरंही पितात. गेल्या काही वर्षांत यजमानांच्या छातीवर, पाठीवर काळे डाग आणि त्यात पांढरे ठिपके आले आहेत. तळहातांवर आणि तळपायांवर टणक दाणे झालेत, हात खरखरीत लागतो. सगळे म्हणतात, तेजाबाचं काम आहे, त्यानंच झालं असणार. पाठीवर एक खपलीचा चट्टा दोन वर्षांपासून आहे. नायट्याची सगळी मलमं लावून झाली, बरा होत नाही. दिवाळीत गावी गेलो तर जाऊबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढला. महारोग आहे म्हणाल्या. आता इथल्या पंचायतीतल्या एकानं सांगितलं की या पट्ट्यातल्या पाण्यात आर्सेनिक असतं आणि त्यानं कॅन्सर होतो. आम्ही तर पाणी उकळून पितो. ते पाणी इतकं नितळ, थंडगार, की मीच सगळ्यांना कौतुकानं पाजलं. एक वैद्य भस्म देतो म्हणतात, ते घ्यावं का? धंदा गुंडाळून गावी यावं का? मुलगी २२ वर्षांची आहे, तिच्या सोयरिकीत हे सांगावं लागेल का? मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याच्या अंगावर काही नाही."

ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते आहे. सोयरीक, गाव, धंदा या सगळ्यांवर बोलूच, पण पाठीवरचा तो चट्टा त्यांच्या आधी येतो. दोन वर्षं बरा न होणारा, मलमांना दाद न देणारा, खपली पडून पुन्हा धरणारा चट्टा कुणाच्याही अंगावर असला तरी त्याचा तुकडा काढून तपासायला हवा. आणि ज्या माणसाच्या छातीवर काळे-पांढरे ठिपके आहेत, तळहात-तळपायांवर दाणे आहेत, जो २४ वर्षं गंगाकाठच्या चापाकलाचं पाणी पितो आहे, त्याच्या बाबतीत तर एक आठवडाही दवडू नये. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा एकत्र वाचल्यावर मला पहिली आठवण झाली ती आर्सेनिकच्या जुनाट विषबाधेची. चट्ट्याबद्दल पहिली शंका आली ती त्वचेच्या कर्करोगाची.

हे वाचून हातपाय गाळू नका. आर्सेनिकमुळे होणारा त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा सावकाश वाढतो. त्याचा एक प्रकार आहे, बोवेनचा रोग. तो त्वचेच्या वरच्या थरातच असतो, खोल उतरलेला नसतो. दिसायला लालसर-तपकिरी, कडा ठळक, वर खपली, म्हणजे अगदी नायटा किंवा इसब वाटावं असा. म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं त्याला नायट्याचं मलम लावत राहतात. या टप्प्यावर तो कापून किंवा गोठवून काढता येतो, काही वेळा वरून लावायच्या औषधानंही जातो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तो खोल जातो, आणि दुर्लक्ष झालं तर काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतो. यजमानांचा चट्टा यातला कोणता, की यातला कोणताच नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. ते बायॉप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत कळतं.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. ते खरं नाही. जागा बधिर करतात, लहानसा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. नुकसान होतं ते तुकडा न काढल्यानं.

त्यासाठी मिरजेला किंवा मुंबईला येण्याची वाट पाहू नका. पाटण्याला जा. तिथे एम्स आहे, महावीर कॅन्सर संस्थान आहे, दोन्ही फुलवारी शरीफला. गंगेच्या काठावरच्या गावांमधल्या आर्सेनिकचा अभ्यास महावीर कॅन्सर संस्थानात बरीच वर्षं चालू आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या त्वचातज्ज्ञाला असा रुग्ण क्वचितच बघायला मिळतो, तिथल्या डॉक्टरांना हा आजार अनोळखी नाही. पुढे मोठे उपचार लागले आणि तुमचं रेशनकार्ड अजून महाराष्ट्रातलं असेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी जरूर करा. पण पहिला तुकडा तिथेच तपासून घ्या.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसती पाठ दाखवून परत येऊ नका. पूर्ण अंग तपासायला सांगा. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर होतो. आर्सेनिकचा कपड्यांखाली झाकलेल्या भागावरही होतो, आणि बऱ्याचदा एकाहून जास्त ठिकाणी. आपली माणसं डॉक्टरांसमोर सदरा काढायला संकोचतात, त्यात दुसरा चट्टा राहून जातो. तळपायावरचा एखादा दाणा अलीकडे मोठा झाला असेल, चिरला असेल, त्यातून रक्त येत असेल तर तोही दाखवा.

आता तेजाबाबद्दल. शंका रास्त आहे, पण खुणांशी जुळत नाही. तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, जिथे सांडतं तिथेच त्वचा पिवळी-तपकिरी होते, आणि ती कातडी निघून गेली की डागही जातो. ते छातीवर, पाठीवर, कपड्याच्या आत ठिपके उठवत नाही. तळपायांवर दाणे तर नाहीच नाही. आर्सेनिकच्या खुणा मात्र शरीराच्या दोन्ही बाजूंना सारख्या दिसतात. छाती-पोट-पाठीवर आधी काळपट ठिपके, मग त्यांच्या मधे पांढरे, आणि तळवे जाड होऊन त्यांवर कठीण कण. तरीही डॉक्टरांना गलाईचं काम सांगाच. भट्टीवरचा धूर आणि ॲसिडची वाफ फुप्फुसांना त्रास देते, आणि आर्सेनिकनं ज्या अवयवांना धोका असतो त्यात फुप्फुसं आहेत. दोन्हींचा विचार एकत्र व्हायला हवा.

त्यांनाच का झालं, तुम्हाला का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणार. सगळे एकच पाणी पीत असले तरी सगळे सारखं पीत नाहीत. भट्टीसमोर दिवसभर बसणारा माणूस घाम गाळतो, चार-पाच लिटर पाणी सहज पितो. पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल तर दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात रोज २०० जातं, पाच लिटर पिणाऱ्याच्या पोटात ५००. शिवाय प्रत्येकाचं शरीर आर्सेनिक बाहेर टाकण्यात सारखं तरबेज नसतं. पुरुषांमध्ये त्वचेच्या खुणा जास्त दिसतात, निकस आहार असेल तर त्रास वाढतो, आणि विडी-सिगारेट असेल तर फुप्फुसांचा धोका कितीतरी वाढतो. यजमान ओढत असतील तर ते आजच थांबवायला सांगा. तंबाखूही.

दुसरी गोष्ट जी आजच व्हायला हवी ती म्हणजे पाणी बदलणं. पाण्याचा रिपोर्ट यायच्या आधी, बायॉप्सीच्या आधी, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. या आजारावर पाणी बदलण्याइतकं प्रभावी औषध नाही, आणि बाकीचे उपचार त्याच्या नंतर येतात.

उकळण्यानं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुम्ही इतकी वर्षं काळजीपोटीच पाणी उकळत आलात. उकळल्यानं जंतू मरतात. आर्सेनिक मरत नाही, उडूनही जात नाही. मिठाचं पाणी आटवलं की खारटपणा वाढतो, तसं पाणी आटलं की उरलेल्यात आर्सेनिक वाढलेलंच असतं. नुसती तुरटी फिरवून, क्लोरिनचे थेंब टाकून, कापडानं गाळून, मेणबत्तीच्या फिल्टरमधून काढून किंवा अतिनील दिव्याच्या यंत्रातून नेऊन त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाणी नितळ असणं हीसुद्धा खूण नव्हे. आर्सेनिकला रंग, वास, चव काही नसतं.

खात्री होते ती फक्त तपासणीनं. आऱ्याला लोक स्वास्थ्य अभियंत्रण विभागाची, ज्याला तिकडे सगळे पीएचईडी म्हणतात, जिल्हा प्रयोगशाळा आहे. तिथे नमुना द्या. चापाकल आधी पाचेक मिनिटं चालवा, मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरा. बाटलीवर घर, तारीख आणि बोअर किती फूट खोल आहे ते लिहा. नमुना टिकावा म्हणून त्यात आम्ल घालतात, पण ते प्रयोगशाळेचं शुद्ध आम्ल असतं. दुकानातलं तेजाब त्यात चुकूनही घालू नका, त्यातल्या अशुद्धीनं रिपोर्टच बिघडेल. गावात कुणी किट घेऊन आलं तर तेही करून घ्या. त्यात कागदाच्या पट्टीचा रंग पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो आणि अंदाज मिळतो. पण मर्यादेच्या आसपासचा आकडा किटवर विसंबून ठरवू नये.

मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच आणि आपल्या भारतीय मानकातलीही तीच. जुन्या कागदांवर ५० हा आकडा दिसेल. कुणी '५०च्या आत आहे, चालतंय' म्हणालं तर ऐकू नका, विशेषतः २४ वर्षं प्यायलेल्या घरानं.

रिपोर्ट येईपर्यंत काय प्यायचं? घरात नळ योजनेचं पाणी येत असेल तर त्याचाही नमुना द्या आणि तोवर, दुसरं काही हाताशी नसेल तर, चापाकलापेक्षा ते बरं धरा. जवळपास सरकारी खोल बोअर असेल आणि त्याचं पाणी तपासलेलं असेल तर उत्तम. गंगेच्या गाळात आर्सेनिक साधारणपणे वरच्या थरांतल्या पाण्यात, म्हणजे जिथे घराघरांतली चापाकलं पोचतात तिथे, जास्त सापडतं. खूप खोल गेलेल्या बोअरचं पाणी सहसा सुरक्षित निघतं, पण सहसाच. तपासल्याशिवाय नाही. जुनी उघडी आड-विहीर असेल तर तिच्यात आर्सेनिक बहुधा कमी असतं, जंतू मात्र भरपूर. ते पाणी तपासून, झाकण ठेवून, उकळून प्यावं. उकळण्याचा उपयोग तिथे आहे. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पाणीही पिण्यासाठी चांगलं.

आरओ यंत्राबद्दल विचाराल तर माझं मत असं, की विकत घेण्याआधी त्यातून निघालेल्या पाण्याचा रिपोर्ट मागा, यंत्राच्या खोक्यावरचं चित्र बघू नका. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असतं. एक रूप आरओ चांगलं अडवतो. दुसरं, जे जमिनीखालच्या हवा न लागलेल्या पाण्यात जास्त असतं, ते त्यातून निसटतं. खास आर्सेनिकसाठीचे, लोहाची किंवा ॲल्युमिनाची भुकटी वापरणारे फिल्टरही असतात आणि ते चालतात, पण भुकटी भरली की निकामी होतात. म्हणून कुठलंही यंत्र बसवलं तरी बाहेर येणारं पाणी काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बाजारात जारचं पाणी मिळतं त्यालाही हाच नियम.

सुरक्षित पाणी पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी, दोन्हीसाठी. हा भाग लोक विसरतात. भात, वरण, चहा, कणीक, सगळ्यातून पाणी पोटातच जातं. सुरक्षित पाणी पुरेसं असेल तर भात जास्त पाण्यात शिजवून वरचं पाणी वेळून टाका, तांदळातलंही थोडं आर्सेनिक त्याच्याबरोबर जातं. आंघोळ, कपडे, भांडी, फरशी याला चापाकल वापरा, त्वचेतून आर्सेनिक फारसं आत जात नाही. तो चापाकल उपटून टाकायची गरज नाही. त्याला लाल रंग लावा. बांगलादेशात तपासलेल्या नळांना लाल आणि हिरवा रंग देतात, लाल म्हणजे पिऊ नका. शेजारच्या मुलांनाही कळतं.

आणि शेजारच्या त्या चार घरांना सांगा. आज सांगा. दोन चापाकलांमध्ये चाळीस-पन्नास पावलांचं अंतर असलं तरी एकात आर्सेनिक भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य असं असू शकतं. म्हणजे पाच घरांनी मिळून आसपासची सगळी चापाकलं तपासली तर कदाचित सुरक्षित पाणी जवळच सापडेल.

'मीच सगळ्यांना पाजलं' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. ताई, यात तुमचा दोष नाही. गंगेनं हिमालयातून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळाखाली हवा पोचत नाही, तिथले जंतू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. कुणी कारखाना टाकलेला नाही, कुणी विहिरीत काही ओतलेलं नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या साऱ्या खोऱ्यात चापाकलं, ट्यूबवेल लावल्या गेल्या त्या तळ्या-डबक्यांच्या पाण्यानं होणाऱ्या पटकीपासून, हगवणीपासून मुलं वाचावीत म्हणून, आणि त्यातून असंख्य मुलं वाचलीही. आर्सेनिक तपासायचं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. पश्चिम बंगालमध्ये पहिले रुग्ण ओळखले गेले १९८३ साली, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचातज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे. तुमच्या शहापूरच्याच परिसरात, सेमरिया ओझापट्टी गावात, बिहारमधलं हे आर्सेनिक पहिल्यांदा उघडकीला आलं ते २००२ साली, जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटानं ते अभ्यासलं.  शास्त्रज्ञांना जे इतक्या उशिरा कळलं ते तुम्हाला पाण्याच्या चवीवरून कसं कळावं?

भस्माबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. घेऊ नका. आयुर्वेदातल्या काही रसौषधींमध्ये हरताळ, मनशीळ, सोमल वापरतात, आणि ही तिन्ही आर्सेनिकचीच संयुगं आहेत. ज्याच्या शरीरात आधीच आर्सेनिक साचलंय त्याला पुडीत काय आहे हे न कळता भस्म देणं मला कुठल्याही अंगानं पटत नाही. हे फक्त आपल्याकडचं नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात फाउलरचं द्रावण नावाचं आर्सेनिकचं औषध सोरायसिसला, दम्याला सर्रास देत. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या तळहातांवर असेच दाणे आले आणि पुढे त्यातून कर्करोग झाला, हे लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी १८८०च्या दशकातच लिहून ठेवलं आहे.

त्याचप्रमाणे 'अंगातलं विष काढतो' म्हणून महागडी सलाइनं लावणारे भेटतील. धातू बांधून बाहेर काढणारी औषधं अचानक झालेल्या तीव्र विषबाधेत उपयोगी पडतात. वर्षानुवर्षांच्या आजारात त्यांचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. कोलकात्यात डॉ. गुहा मजुमदार यांनी डीएमएसए या औषधाची खोट्या गोळीशी तुलना करून चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. औषधाच्या गटात आणि खोट्या गोळीच्या गटात फरक आढळला नाही. स्वच्छ पाणी सुरू केल्यावर शरीर स्वतःच आर्सेनिक लघवीतून बाहेर टाकत राहतं. त्याला मदत होते ती पोटभर सकस जेवणाची. डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, पालेभाज्या. तळहाताच्या दाण्यांसाठी डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडचं किंवा युरियाचं मलम देतील, त्यानं ते मऊ होतात, दुखणं कमी होतं. ब्लेडनं दाणे कापायचा प्रयत्न यजमान करत असतील तर ते थांबवा.

तपासण्यांत लघवीतल्या आर्सेनिकची तपासणी गेल्या काही दिवसांचं सांगते, नखं आणि केस गेल्या काही महिन्यांचं. लघवी देण्याआधी चार-पाच दिवस समुद्राची मासळी खाऊ नये. तिच्यात वेगळ्या, निरुपद्रवी रूपातलं आर्सेनिक असतं आणि आकडा फुगतो. याशिवाय यकृत, मूत्रपिंड, साखर, रक्तदाब, छातीचा फोटो आणि साधी लघवी तपासून घ्या. लघवीतून रक्त गेलं, खोकल्यातून रक्त आलं, पोट फुगलं, पायांना सतत आग किंवा बधिरपणा जाणवला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आर्सेनिकनं त्वचेबरोबरच मूत्राशयाचा आणि फुप्फुसांचाही कर्करोग होतो.

डाग आले म्हणजे कर्करोग होणारच, असं मात्र नाही. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्या ४०,४२१ लोकांची पाहणी १९६८ साली प्रसिद्ध झाली. हजारात १८४ जणांच्या त्वचेवर डाग होते, ७१ जणांच्या तळव्यांवर दाणे होते आणि त्वचेचा कर्करोग साधारण ११ जणांना होता. म्हणजे डाग असलेल्या बहुतेकांना त्या वेळी तरी कर्करोग नव्हता. पण ११ हा आकडासुद्धा लहान नाही, आणि त्यातला एक आपण असू शकतो हे धरूनच तपासून घ्यायचं असतं.

गावी परतण्याचं तुम्ही विचारलंत. पाण्यासाठी म्हणून धंदा गुंडाळायची गरज नाही. सुरक्षित पाणी तिथेही मिळवता येतं, आणि दुकान बंद झालं तर उपचारांचा पैसा कुठून येणार? आपल्या माणदेश-खानापूर भागातल्या काळ्या पाषाणाखालच्या पाण्यात आर्सेनिकची ही अडचण सहसा नसते हे खरं. पण गावी आलात म्हणून मागची २४ वर्षं पुसली जात नाहीत. चिलीमधल्या आंतोफागास्ता शहरात १९५८ साली नदीचं आर्सेनिकयुक्त पाणी सुरू झालं, लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमहून जास्त. १९७०मध्ये शुद्धीकरण केंद्र झालं आणि पाणी सुधारलं. तरी फुप्फुसांच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू तिथे पुढची कित्येक दशकं जास्तच राहिले. म्हणून तिथे राहा किंवा गावी या, यजमानांची अंगभर तपासणी दर सहा महिन्यांनी आणि तुमची, मुलांची वर्षातून एकदा. पाणी बदलल्यावर डाग हळूहळू फिके होतील, दाणे कदाचित राहतील, पण धोक्यात नव्यानं भर पडणं थांबेल. मुलाच्या अंगावर काही नाही म्हणून त्याला सोडू नका. मुलांच्या त्वचेवर खुणा उशिरा दिसतात.

जाऊबाईंना हे पत्र वाचून दाखवा. हा आजार महारोग नाही. स्पर्शानं, ताटातून, तांब्यातून, अंथरुणातून, नवरा-बायकोच्या सहवासातून, कशानंही एकाचा दुसऱ्याला होत नाही. महारोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, डॉक्टर ती दोन मिनिटांत तपासून सांगतात. आणि समजा महारोग असता तरी त्यावर पक्के उपचार आहेत आणि ताट वेगळं काढायची तेव्हाही गरज नव्हती. आजारी माणसाला पंगतीत वेगळं बसवलं की तो डॉक्टरांसमोरही अंग लपवायला लागतो. यजमान दोन वर्षं बाजारातली मलमं लावत राहिले त्यामागे हीच लाज असावी असं मला वाटतं. पुढच्या दिवाळीला तुम्ही त्यांच्या शेजारी बसून जेवा, त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्या, सगळ्यांच्या देखत.

सोयरिकीत लपवू नका. हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत जात नाही, मग लपवायचं कशाला? 'वडिलांना पाण्यातल्या आर्सेनिकनं त्वचेचा त्रास झाला, पाणी बदललं, उपचार चालू आहेत' एवढं सरळ सांगा आणि डॉक्टरांचा कागद दाखवा. एवढं समजूनही जे मागे हटतील त्यांच्या घरी मुलगी न गेलेलीच बरी. मुलीच्या बाबतीत मला काळजी वेगळी आहे. तीही जन्मापासून हेच पाणी पीत आली आहे. आर्सेनिक आईकडून वारेतून गर्भापर्यंत पोचतं, आणि पाण्यात ते जास्त असेल तर गर्भपाताचं, मूल मृत जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तेव्हा तिचं पाणी आत्तापासून बदला, तिची तपासणी करा, आणि लग्न तिकडच्याच कुणा गलाईवाल्या कुटुंबात ठरत असेल तर मुलाच्या पगाराइतकंच त्या घरच्या पाण्याचंही विचारा. तो प्रश्न विचारताना संकोच वाटू देऊ नका. तुमच्या विचारण्यानं त्या घरचंही पाणी तपासलं जाईल.

बायॉप्सीचा रिपोर्ट, चापाकलाच्या पाण्याचा आकडा आणि बोअरची खोली, या तीन गोष्टी हातात आल्या की मला पुन्हा लिहा. रिपोर्टमधला शब्द कळला नाही तर जसाच्या तसा उतरवून पाठवा.